पैसे किती, त्याआधी पैसे कधी

मंडळी, पुण्यात शिष्यवृत्तीवर बोलायचं तर १८८२ पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी शिष्यवृत्त्यांचाही विचार केला होता. चढाओढीतून शिष्यवृत्ती देणं तत्त्वतः न्याय्य असलं, तरी शिक्षणाची गोडी आधीच लागलेल्या वर्गांनाच ती मिळत राहते. म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षण पोचलंच नाही अशा वर्गांना द्याव्यात, असा त्यांचा मुद्दा होता. आज आपण वर्गात सर्व थरांतली, सर्व जिल्ह्यांतली मुलं असावीत म्हणून महाविद्यालयाचा मदत निधी उभा करतो आणि अर्जाची पहिलीच अट लिहितो, ‘बारावीला किमान ८५ टक्के’. ती ओळ आधी खोडा. प्रवेश मिळाला, म्हणजे गुणांची परीक्षा होऊन गेली.

आता पैशांकडे येऊ. सरकारी योजनांतून शुल्काचा बराच भाग सुटतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण लातूरहून किंवा नंदुरबारहून आलेली मुलगी शुल्कामुळे जितकी परत जाते, त्याहून अधिक ती मेस आणि कॉटच्या भाड्यामुळे जाते. अनुसूचित जातींच्या पोस्ट मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीत साध्या बी.ए.ला असलेल्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्याचा शैक्षणिक भत्ता वर्षाला ६,००० रुपये आहे. दहा महिन्यांनी भागा, महिन्याला सहाशे. मेसला तीन हजार धरले, तर सहा दिवसांचं जेवण. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी असलेल्या स्वाधार योजनेची रक्कम खरोखर आधार देणारी आहे: पुण्यासाठी भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,०००, असे वर्षाला ६०,०००. पण तीही प्रवेशाच्या दिवशी हातात येत नाही. अर्ज, पडताळणी, हजेरी, मग हप्ता.

दरम्यान खोलीमालक अनामत मागतो, मेसवाला महिना आगाऊ मागतो, पुस्तकं-एप्रन लगेच लागतात. म्हणून महाविद्यालयाच्या निधीने हा पहिला चार-पाच महिन्यांचा खड्डा भरावा असं आमचं ठाम मत आहे. वर्षाअखेरीस दिलेल्या पंचवीस हजारांपेक्षा प्रवेशाच्या आठवड्यात दिलेले दहा हजार जास्त मुलं टिकवतात. देणगीदारांना समारंभ हवा असतो, तो जानेवारीत करा, पैसे मात्र प्रवेशाच्या आठवड्यातच द्या. आणि समारंभात मुलांना मंचावर बोलावून धनादेशासोबत फोटो काढू नका. नोटीस बोर्डावर नावंही नकोत.

हे पैसे कोणत्या नावाने द्यायचे, हेही महत्त्वाचं. सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला सहसा दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही. त्यामुळे पत्रावर ‘शिष्यवृत्ती’ लिहिलंत, तर मुलाचा मोठा लाभ अडकू शकतो. ‘भोजन व निवास साहाय्य’ किंवा ‘पुस्तकांसाठी साहाय्य’ असा हेतू स्पष्ट लिहा. शक्य तिथे मेसचे पैसे थेट मेसला द्या.

सगळ्यात जास्त अर्ज कुठे अडकतात? बँक खात्यात. मुलं सांगतात, ‘सर, आधार लिंक आहे.’ खातं आधारशी जोडलेलं असणं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तेच खातं थेट लाभासाठी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या नोंदीत एका आधारमागे एकच बँक राहते, सर्वात शेवटी जोडलेली. मुलगा पुण्यात येतो, मोबाईलवर नवं खातं उघडतो, संमतीच्या चौकोनावर टिचकी मारतो आणि शिष्यवृत्ती तिकडे वळते. ते खातं पुढे बंद पडलं, की पैसे परत. दुसरा प्रकार कमी दिसतो, पण फार त्रास देतो. पूर्ण केवायसी (ओळखीची पडताळणी) न झालेल्या लहान खात्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांवर जाऊ शकत नाही. अभियांत्रिकीच्या शुल्काची रक्कम अशा खात्यात मावतच नाही. प्रवेशाच्या टेबलावरच आधारची स्थिती तपासा, केवायसीची पावती बघा आणि आधारला जोडलेला मोबाईल कोणाकडे आहे ते विचारा. तो अनेकदा गावी वडिलांच्या खिशात असतो आणि ओटीपी तिकडे जातो.

पोस्ट मॅट्रिकमधला केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातलं शुल्क त्याने सात दिवसांत महाविद्यालयात भरायचं असतं. हे मुलाला आधी नीट समजावून सांगा. घरी आजारपण असतं, खात्यात मोठी रक्कम दिसते आणि ती खर्च होते. मग परीक्षेच्या वेळी ‘नो ड्यूज’ मिळत नाही.

कागदांमध्ये उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, या दोन गोष्टींना वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, म्हणून मुलं वर्ग बुडवून गावी जातात. वडिलांनी गावच्या सेवा केंद्रातून अर्ज करावा, यासाठी छापील पत्र प्रवेशाच्या पाकिटातच ठेवा.

आमच्या मते सर्वात जास्त नुकसान नूतनीकरणाच्या अटी करतात. मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या सत्रात इंग्रजी व्याख्यानांशी झगडत असतो आणि एखादा विषय राहतो. ‘सर्व विषय उत्तीर्ण’ ही अट नेमक्या त्या मुलाला बाहेर काढते, ज्याच्यासाठी निधी होता. हजेरी ७५ टक्के आणि वर्षभरात ठरावीक श्रेयांक (क्रेडिट), एवढं पुरे. पहिलं सत्र मोकळं सोडा.

निवडीसाठी एक पानाचा अर्ज आणि एका शिक्षकाशी शांत गप्पा पुरेत. पाच जणांच्या समितीसमोर मुलीला घरची गरिबी सांगायला लावू नका. अर्जात विचारायचं ते एवढंच: घरात पदवीपर्यंत कोण शिकलं, दहावीचं माध्यम कोणतं, तालुका कोणता, पुण्यात राहायची सोय आहे का, आणि अपंगत्व असल्यास कोणती मदत लागेल.

‘आयशे’ या उच्च शिक्षणाच्या देशव्यापी वार्षिक सर्वेक्षणासाठी तुम्ही प्रवर्गनिहाय, मुलगे-मुलींचे आकडे दरवर्षी भरताच. त्यात माध्यम आणि तालुका हे दोन रकाने स्वतःसाठी वाढवा आणि पहिल्या वर्षातली कोणती मुलं तिसऱ्या वर्षात दिसत नाहीत ते बघा. आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर ‘सेंड बॅक’ झालेले, म्हणजे त्रुटीमुळे परत आलेले अर्ज दर मंगळवारी उघडायला एक माणूस नेमा. मुलाला एसएमएस गेलेला असतो, पण तो गावाकडच्या त्या मोबाईलवर. म्हणून त्या माणसाने त्याच दिवशी वर्गात जाऊन मुलाला एका बाजूला बोलवावं आणि कोणता कागद कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून द्यावं.