घरी न्या, सेवा करा

(सकाळ. गिरणाकाठच्या एका गावातील दवाखाना. बाकावर बसलेली माणसे, दाराशी उभ्या मोटरसायकली.)

जळगाव जिल्ह्यातल्या या गावात दवाखाना सकाळी नऊ वाजता उघडतो. ताप, खोकला, शुगर, बीपी, विळा लागून कापलेले बोट, अशी रोजची गर्दी असते. या गर्दीत एखाद्या दिवशी कुणाचा तरी मुलगा हातात जाड फाइल घेऊन येतो आणि त्याच्याबरोबर पेशंट नसतो. फाइलीत मुंबईचे किंवा नाशिकचे रिपोर्ट असतात, स्कॅनच्या फिल्म असतात आणि सर्वांत वर डिस्चार्ज कार्ड असते. मुलगा खुर्चीच्या कडेवर बसतो आणि सांगतो, "साहेब, तिकडचे डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, सेवा करा."

हे वाक्य ज्या घराने कधी ऐकले नाही असे घर खान्देशात क्वचितच सापडेल. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटरवर आहे. तिथवर नेण्यासाठी घरातले दागिने मोडलेले असतात, कुणी वावर गहाण ठेवलेले असते, आणि परतीच्या गाडीत पेशंटच्या उशाशी बसून आलेल्या माणसांना हे चार शब्द तेवढे सोबत मिळालेले असतात. सेवा करायला घर तयारच असते. पण रात्री दोन वाजता दुखणे उठले तर कोणती गोळी द्यायची, गिळता येईनासे झाले तर औषध कसे द्यायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचे, हे त्या कार्डावर लिहिलेले नसते. ते सांगण्याचे काम या दवाखान्याने आपले मानले आहे.

(दुपार. डॉक्टरांची मोटरसायकल कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याने चालली आहे.)

डॉक्टर फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण औषध लगेच लिहीत नाहीत. ते विचारतात, "मी घरी केव्हा येऊ?" त्यांच्या मते अशा पेशंटला टेबलावर तपासून काही कळत नाही. खाट कुठे टाकली आहे, संडास किती लांब आहे, रात्री जवळ कोण झोपते, घरातल्या कुणाला घड्याळ पाहून गोळी देता येते, हे पाहिल्याशिवाय लिहिलेला कागद उपयोगाचा नसतो.

आज आपण त्यांच्याबरोबर जात आहोत ते एका आजींच्या घरी. वय सत्तरीच्या पुढचे. अनेक वर्षे मिश्री लावण्याची सवय होती आणि त्यातून गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झाले, शेक (रेडिएशन) झाला, वर्षभर बरे गेले आणि गाठ पुन्हा आली. आजींच्या आणि घरच्यांच्या संमतीने हे चित्रण केले आहे. त्यांचा चेहरा आपण दाखवणार नाही.

डॉक्टर पहिल्यांदा या घरी आले तेव्हा आजींची खाट मागच्या पडवीत, ढोरांच्या गोठ्याला लागून होती. घरच्यांचे प्रेम कमी झाले नव्हते. गालाची जखम फुटून वास येऊ लागला होता, नातवंडे जेवताना उठून जात होती, आणि हे पाहून आजींनीच आपली खाट मागे न्यायला लावली होती. डॉक्टरांनी त्या दिवशी मेट्रोनिडाझोलच्या साध्या गोळ्या मागवल्या, त्या दोन चमच्यांमध्ये दाबून त्यांचा भुगा केला आणि मिठाच्या उकळून निववलेल्या पाण्याने जखम धुऊन तो भुगा तिच्यावर कसा टाकायचा, वर गॉज कसा ठेवायचा, हे सुनेला दोनदा करून दाखवले. जखमेतले जंतू कमी झाले की वास कमी होतो. काही रुपयांचे हे काम. थोड्याच दिवसांत खाट मधल्या खोलीत आली. आजही ती तिथेच आहे, कोनाड्यातल्या देवांच्या समोर.

डॉक्टर खाटेच्या कडेला बसून अहिराणीत विचारतात, "कसं वाटस, माय?" बोलणे कठीण जाते म्हणून आजी बोटे दाखवतात. दहा बोटे म्हणजे सोसवत नाही असे दुखणे. आज त्या तीन बोटे दाखवतात. दर भेटीत ही बोटे वहीत लिहिली जातात.

कॅन्सरच्या वेदनेवर पायरीपायरीने औषध कसे वाढवावे, याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये सांगितली. सुरुवातीला पॅरासिटामॉलसारखी औषधे, मग मध्यम ताकदीची, आणि वेदना त्यालाही जुमानत नसेल तर मॉर्फिन. आजींना मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी दिल्या जातात. दुखणे उठण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे गोळी द्यायची, आणि झोपताना जास्तीचा डोस देऊन मध्यरात्रीची उठबस टाळायची. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध बरोबर असते. या औषधाची सवय लागेल, याने श्वास थांबेल, ही भीती घरोघरी असते आणि खरे सांगायचे तर अनेक डॉक्टरांच्या मनातही असते. वेदनेच्या मापाने, थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवत नेले तर हे औषध सुरक्षित आहे, असे डॉक्टर प्रत्येक घरी पुन्हा पहिल्यापासून समजावतात.

खरी अडचण गोळी मिळण्याची आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे एवढे कुंपण घातले की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये कायदा सुधारला आणि आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला ते ठेवता येते. तरीही गावच्या मेडिकलवर ते मिळत नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि आजींचा मुलगा ती घेऊन शहरातल्या मान्यताप्राप्त रुग्णालयात जातो. येथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच भागात, सरकारी परवान्याने अफूचे पीक घेतले जाते. याच अफूपासून मॉर्फिन तयार होते. आणि सातपुड्याच्या अलीकडे, तापी-गिरणेच्या खोऱ्यात, माणसे त्या गोळीवाचून रात्र-रात्र कण्हत काढतात.

(संध्याकाळ. ओट्यावर डॉक्टर आणि आजींचा मोठा मुलगा.)

घराबाहेर पडताना मुलगा डॉक्टरांना ओट्यावर थांबवतो. पहिल्या भेटीत त्याने येथेच हात जोडून सांगितले होते, "आईला काही सांगू नका, ती खचून जाईल." बहुतेक घरांतून ही विनंती येते आणि ती मायेपोटीच येते. डॉक्टर तिला नाही म्हणत नाहीत. "मी आपणहून सांगणार नाही, पण त्यांनी विचारले तर खोटे बोलणार नाही," एवढेच ते कबूल करतात. आजींनी तिसऱ्या भेटीत विचारले. त्यांचा प्रश्न किती दिवस राहिले असा नव्हता. त्यांनी विचारले की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली येतील तोपर्यंत मी बसून बोलू शकेन का. डॉक्टरांनी सांगितले की बसण्याचे सांगता येत नाही, म्हणून मुलींना आखाजीची वाट पाहू देऊ नका, आताच बोलवा. मुली चैत्रातच आल्या. एकीने आठ दिवस राहून आईच्या केसांना तेल लावले, आणि आजींनी दोघींना आपल्या हाताने लुगडी दिली.

औषधाच्या चिठ्ठीवर ही गोष्ट येत नाही, पण या दवाखान्याच्या कामातला फार मोठा भाग असाच आहे.

दुसरा मोठा भाग आहे जेवणाचा. आमच्याकडे माणूस दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, भाकरीवर जगतो, आणि आजाऱ्याने जेवण सोडले की सगळ्या घराचा धीर सुटतो. शेजारीपाजारी, पाहुणे, सगळे म्हणतात, "निदान एक सलाईन तरी लावा." डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, या कामात त्यांना सर्वाधिक वेळा जे समजावावे लागते ते हेच. शेवटच्या दिवसांत शरीर हळूहळू मिटत जाते म्हणून भूक जाते. भूक गेली म्हणून माणूस जातो असे नाही. अशा वेळी बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर ते पाणी शरीराला पेलत नाही, पायांवर सूज येते, छातीत घरघर वाढते आणि सुईच्या टोचण्या उगीच सोसाव्या लागतात. एखादे औषध सुरू असेल किंवा उलट्यांनी पाणी कमी झाले असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा ते सलाईन लावतातही. एरवी ते चमचाभर ताक, पेजेचे पाणी, आणि तेही नको असेल तेव्हा ओल्या कापसाने ओठ आणि जीभ ओली ठेवायला सांगतात. सलाईन न लावणाऱ्या डॉक्टरला लोक काय म्हणतात, हे त्यांना ठाऊक आहे. बाटली लावून पैसे घेणे सोपे असते आणि घरचेही समाधानाने घरी जातात. हे करणारे पुष्कळ आहेत. म्हणून ओट्यावर अर्धा तास बसून नाही म्हणणाऱ्या या माणसाचे मोल आम्हाला वाटते.

दवाखान्याच्या टेबलाच्या खणात एक वही आहे. तिच्यात फक्त कॅन्सरचे पेशंट नाहीत. चुलीच्या धुराने आणि विडीने फुफ्फुसे गेलेले म्हातारे आहेत, हृदयाची ताकद संपलेले आहेत, डायलिसिस परवडेना म्हणून थांबवलेले आहेत, अर्धांगाने खाटेवर पडलेले आहेत. दम लागणाऱ्यांसाठी खाट खिडकीशी न्यायची, उशाला जास्तीच्या उशा लावून बसते करायचे आणि पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर येऊ द्यायचा, एवढ्यानेही घुसमट कमी होते. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना लाइट जाते तेव्हा पुठ्ठा हातात घेऊन कुणीतरी बसावेच लागते. हा वही ठेवण्याचा पाठ इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांकडून मिळालेला आहे. "हा पेशंट पुढच्या वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का?" असा प्रश्न तिथले डॉक्टर स्वतःला विचारतात, आणि उत्तर 'नाही' असेल तर त्या पेशंटचे नाव वेगळ्या यादीत घेऊन त्याची काळजी आधीपासून आखतात. आमच्या डॉक्टरांच्या वहीत नावापुढे तीन गोष्टी असतात: दुखणे किती, जवळ कोण, आणि माणसाची इच्छा काय.

इच्छेला आता कायद्याचाही आधार आहे. बरे होण्याची आशा नसताना मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका, असे माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवलेले मृत्यूपूर्व इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ग्राह्य मानले. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते, आणि त्याची एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे द्यावी असे न्यायालयानेच सांगितले आहे. या वहीतल्या फारच थोड्यांनी असा कागद केला आहे. बाकीच्यांची इच्छा डॉक्टर घरातल्या दोघा-तिघांसमोर विचारून घेतात, म्हणजे ऐन वेळी रात्री ॲम्ब्युलन्स बोलवायची की नाही यावर भावाभावांत भांडण होत नाही.

हे सगळे एकट्याने होत नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्धांची आणि अशा रुग्णांची काळजी आता धरलेली आहे, आणि गावची आशाताई आठवड्यातून एकदा आजींकडे डोकावते. दर दोन तासांनी कूस बदलण्याची आठवण तीच करून देते. ज्या गावात डॉक्टर आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे आहेत, तिथे मॉर्फिनची चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांकडून आणावी लागते, पण जखम धुणे, तोंड ओले ठेवणे, घराला धीर देणे, ही कामे त्यांच्याही हातातली आहेत.

(रात्र. मधल्या खोलीतला बल्ब. आजींचे हात तेवढे दिसतात.)

आजी गेल्या त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना एकत्र बसवून पुढे काय दिसेल ते सांगितले होते. हातपाय गार पडतील, लघवी कमी होईल, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होईल, घशात घरघर ऐकू येईल. ती घरघर आपल्याला जेवढी भयंकर वाटते तेवढा त्रास त्यांना होत नसतो, एका कुशीवर वळवले की ती कमी होते, आणि काही बोलायचे असेल तर बोला, शेवटपर्यंत ऐकू येत असावे असे समजूनच बोला. रात्री वडीलधाऱ्यांनी आजींना खाटेवरून खाली जमिनीवर घेण्याची घाई केली, तेव्हा मुलाने फोन लावला. डॉक्टरांनी रीत मोडायला सांगितले नाही. आधी खाली गादी घाला, चादरीसकट चौघांनी मिळून अलगद उतरवा, आणि गंगाजल चमच्याने न ओतता तुळशीच्या पानाने ओठांना लावा, एवढे सांगितले. पहाटे आजी गेल्या. सून त्यांचा हात धरून बसलेली होती.

सकाळी डॉक्टर आले. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४ अ मध्ये द्यायचा असतो आणि त्याचे पैसे घ्यायचे नसतात. तो त्यांनी खाटेवर बसूनच लिहिला आणि ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करा, असे मुलाला सांगितले.

तेराव्यानंतर ते पुन्हा त्या घरी गेले. या भेटीची नोंदही वहीत असते. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या सुनेने डबीत घालून ठेवल्या होत्या. त्या दोघांनी मिळून मोजल्या, जिथून आणल्या त्या रुग्णालयात परत देण्यासाठी मुलाच्या हाती दिल्या, आणि आकडा वहीत लिहिला. मग बराच वेळ सून बोलत राहिली आणि डॉक्टर ऐकत राहिले. पाठीला जखम होऊ नये म्हणून दवाखान्याने दिलेली हवेची गादी तिने साबणाने धुऊन घराच्या धाब्यावर वाळत घातली होती. निघताना ती गुंडाळून मोटरसायकलच्या मागे दोरीने बांधली, कारण त्याच दिवशी सकाळी पलीकडच्या गावातून एक मुलगा जाड फाइल घेऊन दवाखान्यात येऊन गेला होता.