मिठागराला गिऱ्हाईक हवं

मंडळी, गोव्यातल्या पेडण्यात आगरवाड्याला, शापोरा नदीच्या काठी, अजून हाताने मीठ पिकवतात. नेरूल, हडफडे, रायबंदर या भागांतही मिठागरं होती. काही तग धरून आहेत, पुष्कळशी मोडली. ती वाचवायची असं आपण सगळेच म्हणतो; पण वाचवायचं नेमकं काय, ते आधी पाहू.

मिठागर दरवर्षी नव्याने करावं लागतं. पावसाळा सरला की साचलेलं गोडं पाणी काढायचं, गाळ उपसायचा, बांध लिंपायचे. मग तळ तुडवायचा. पायांनी चिखल इतका मळायचा की पाणी खाली झिरपायचं थांबलं पाहिजे. या तुडवणीत कसर राहिली तर मीठ मातकट निघतं. त्यानंतर भरतीच्या वेळी मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडून खारं पाणी आत घ्यायचं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ऊनवाऱ्याने आटून त्या पाण्याचा दहावा हिस्सा उरतो, तेव्हा कुठे मिठाचे खडे बसू लागतात. त्याआधी जिप्सम खाली बसतं, म्हणून पाणी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात खेळवत न्यायचं. शेवटी मात्र ते पुरतं सुकू द्यायचं नाही, कारण मागे उरणाऱ्या मॅग्नेशियमच्या क्षारांनी मीठ कडू होतं. पाणी कधी फिरवायचं आणि मीठ कधी ओढायचं, हे तिथला माणूस वारा बघून, पाण्याचा रंग बघून ठरवतो. हे शिकायला मिठागरातच उतरावं लागतं, आणि तेही उन्हाळ्यानंतर उन्हाळे. मला जपावंसं वाटतं ते हे.

काही वर्षं कुणी उतरलंच नाही, तर बांध फुटतो आणि आत कांदळ, म्हणजे खारफुटी, रुजतं. कांदळ तोडायला कायदा आडवा येतो; खाडीच्या भल्यासाठी तो यायलाच हवा. पण त्या जागी पुन्हा मीठ होत नाही. पडीक मिठागर नंतर बघू म्हणून ठेवता येत नाही, ते यासाठी.

या धंद्याला पहिला मोठा धक्का १८७८च्या कराराने बसला. पोर्तुगीजांनी गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला, आणि १८९२मध्ये करार संपेपर्यंत कित्येक मिठागरं बंद पडली. आताचं दुखणं वेगळं आहे. माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, मे महिन्यात अवकाळी पाऊस आला तर उभं पीक विरघळतं. त्यात आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आहे. या नियमाला मी नावं ठेवणार नाही. आयोडीनअभावी होणारे आजार खरे आहेत, लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते.

पण तो नियम पुरता वाचा. जनावरांसाठी, पदार्थ टिकवण्यासाठी, उद्योगांसाठी साधं मीठ विकता येतं, पिशवीवर तसं स्पष्ट छापलेलं असलं म्हणजे झालं. आयोडीन घालण्यासाठीही ते विकता येतं. आपल्याकडे जाडं मीठ लागतं ते बरंचसं याच कामांना. बांगडे खारवायला लागतं, मिठातल्या आंब्यांना लागतं, सोलांना लागतं, आणि माडाच्या मुळाशी तर पोत्यांनी जातं. म्हणजे गिऱ्हाईक गावातच आहे. ते बाहेरून आलेलं स्वस्त मीठ उचलतं, कारण इथलं मीठ वेळेवर, वजन करून, पिशवीत भरून कुणी दारी आणत नाही. पिशवी, छाप आणि वाहतूक हे काम मिठागरातल्या म्हाताऱ्याने करायचं नाही. ते गावातल्या शिकलेल्या मुलांनी अंगावर घ्यायला हवं. महोत्सव जरूर भरवा, शाळेच्या सहली न्या, मला आनंदच आहे. पण सहलीच्या पैशातून बांध लिंपला जात नाही.

मजुरी द्यावी लागते नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि मीठ हाती येतं त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी. मधल्या काळात पैसा नसतो म्हणून मिठागर सुटतं. इथे बसलेल्यांपैकी अनेकांची कुळागरं, म्हणजे माडा-पोफळीच्या बागा, आहेत, काहींचा सुक्या मासळीचा व्यवहार आहे. तुम्हाला वर्षाला किती पोती मीठ लागतं ते दिवाळीआधी ठरवा, आगरवाड्याला जाऊन नोंदवा आणि निम्मे पैसे तेव्हाच द्या.