आपल्याच माणसाची हुर्यो

लघुमाहितीपट : निवेदन

(दृश्य : पॅरिस, पार्क दे प्रँस. सामन्याआधी खेळाडूंची नावं पुकारली जात आहेत. मैदानाचा मूळ आवाज पूर्ण ठेवावा.)

१३ मार्च २०२२. पॅरिस सेंट जर्मेनचा घरचा सामना. समोर बोर्डो. ध्वनिक्षेपकावर एकेक नाव येतंय. यातलं एक नाव नीट ऐका.

(मूळ आवाज : मेस्सीचं नाव, त्यावर शिट्ट्या.)

लिओनेल मेस्सी. पाहुण्या संघाचा नव्हे, यजमानांचाच. चार दिवसांपूर्वी माद्रिदमध्ये रेआल माद्रिदच्या करीम बेंझेमाने उत्तरार्धात तीन गोल ठोकले आणि पॅरिसचा संघ चॅम्पियन्स लीगमधून बाहेर फेकला गेला. त्याचा हिशेब आता इथे, घरच्या मैदानावर चुकता होतोय. चेंडू मेस्सीकडे आला की शिट्ट्या. नेमारकडे आला की शिट्ट्या. नेमारने गोल केला, तर त्या गोलावरही शिट्ट्या. पॅरिसने हा सामना ३-० असा जिंकला. डोळे मिटून ऐकणाऱ्याला ते सांगूनही पटलं नसतं.

मेस्सीचं यात फार काही बिघडलं नाही. नऊ महिन्यांनी त्याच्या हातात विश्वचषक होता. पण हुर्यो उडते ती बहुतेक वेळा मेस्सीची नसते. ज्याचं काही जमत नाहीये आणि जमत नाहीये हे ज्याला स्वतःलाही दिसतंय, अशा एखाद्या मधल्या फळीतल्या किंवा बचावातल्या खेळाडूची ती असते.

(दृश्य : लंडन, एमिरेट्स स्टेडियम. चौथ्या पंचांच्या हातातला फलक. लाल अक्षरांत ३४, हिरव्या अक्षरांत ७७.)

२७ ऑक्टोबर २०१९. आर्सेनल विरुद्ध क्रिस्टल पॅलेस. एकसष्टावं मिनिट. फलकावरचा ३४ म्हणजे बाहेर जाणारा ग्रॅनिट झाका, आर्सेनलचा कर्णधार. ७७ म्हणजे त्याच्या जागी येणारा बुकायो साका, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा.

हे दृश्य पुढे जाण्याआधी इथेच थांबवू. सगळ्यांनी पाहिलं ते यानंतरचं. त्याआधीचं फार जणांच्या लक्षात नाही.

(दृश्य : त्याच सामन्याची सुरुवात. सोक्रातिसचा गोल, डेव्हिड लुईझचा गोल.)

सातव्या मिनिटाला सोक्रातिस. नवव्या मिनिटाला डेव्हिड लुईझ. दोन्ही गोल बचावपटूंचे आणि दहा मिनिटांच्या आत आर्सेनल २-० ने पुढे. मग बत्तिसाव्या मिनिटाला पॅलेसला पेनल्टी मिळाली. पंचांनी आधी ती दिली नव्हती, व्हिडिओ पाहून निर्णय फिरला. पॅलेसच्या झाहाला पाडलं होतं आर्सेनलच्या कॅलम चेंबर्सने, झाकाने नव्हे. बावन्नाव्या मिनिटाला पॅलेसच्या जॉर्डन आयूचं हेडर, डोक्याने मारलेला गोल. २-२.

आता साठ हजारांच्या या मैदानाला राग काढायला कुणीतरी हवं होतं आणि झाका त्यासाठी आधीपासूनच ठरलेला माणूस होता. २०१६ साली तो जर्मनीतून आला. पहिल्याच मोसमात दोनदा लाल कार्ड, स्वान्सीविरुद्ध आणि बर्नलीविरुद्ध. पॅलेसच्या सामन्याआधी दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा टॉटनहॅमच्या सॉन ह्युंग-मिनला त्याने गोलक्षेत्रात आडवं केलं आणि पेनल्टी दिली. पळण्यात संथ. वळायला वेळ लागायचा. हे सगळं खरंच आहे, ते झाकायचं कारण नाही. पण त्याच सप्टेंबरच्या अखेरीस प्रशिक्षक उनाइ एमरी यांनी ड्रेसिंग रूममध्ये मतदान घेतलं, तेव्हा खेळाडूंनी कर्णधार म्हणून निवडलं ते यालाच. ज्यांच्यासोबत तो रोज सरावाला उतरत होता, त्यांचा कौल असा होता.

(दृश्य पुन्हा चालू : झाका मैदानाबाहेर येतोय.)

आता पाहा. फलक वर जाताच आधी एक उपहासाची आरोळी उठते. कर्णधार बाहेर जातोय याचा आनंद. तो चालतोय, पळत नाहीये. गुण हातचे निसटत असताना कर्णधार रमतगमत बाहेर येतो, याचा राग प्रेक्षकांना येणं मी समजू शकतो. आवाज वाढतो. तो हात वर करून आणखी ओरडा म्हणतो. मग कानाशी हात नेतो. तोंडातून शिवी जाते, ओठांवरून ती कुणालाही वाचता येईल. अंगावरची जर्सी काढतो आणि बाकाकडे न जाता थेट ड्रेसिंग रूमकडच्या बोगद्यात.

(निवेदन नाही. बारा सेकंद मूळ आवाज.)

एमरी सामन्यानंतर म्हणाले की झाका चुकला. चुकलाच. चार दिवसांनी त्याने जाहीर केलेल्या निवेदनात पत्नीला आणि तान्ह्या मुलीला समाजमाध्यमांवर आलेल्या शिव्याशापांचा उल्लेख होता. ५ नोव्हेंबरला त्याचं कर्णधारपद गेलं. २९ नोव्हेंबरला एमरीही गेले.

(दृश्य : सरावाचं मैदान. एक मधला खेळाडू पाठीमागे वळून पाहतो, मग चेंडू घेतो. संथ गतीत.)

हुर्यो खेळाडूच्या कानापर्यंत पोहोचते हे सगळ्यांना माहीत आहे. ती पायापर्यंत कशी पोहोचते, ते या दृश्यात दिसेल.

या खेळाडूकडे चेंडू येतोय. चेंडू येण्याआधी तो एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघतो, एकदा उजव्या. कोण रिकामा आहे, कोण अंगावर येतोय, हे सगळं त्याला चेंडू पायाशी यायच्या आत ठाऊक असतं. मग तो अर्धवट वळून चेंडू घेतो आणि दुसऱ्याच स्पर्शात पुढे देतो. यातलं काहीही तो ठरवून करत नाही. लहानपणापासून हजारो वेळा केल्यामुळे ते होतं.

आता त्याच्या मनात एकच विचार घाला : हा पास चुकला, तर सगळं मैदान ओरडेल. मान फिरणं कमी होतं, कारण नजर चेंडूवर खिळते. जे आपसूक होत होतं ते तो आता लक्ष देऊन करू लागतो, आणि जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करणाऱ्या माणसाचं जे होतं तेच त्याचं होतं. स्पर्श जड होतो. पुढचा पास दिसतो, पण द्यायचं धाडस होत नाही. चेंडू आडवा जातो, नाहीतर मागे गोलरक्षकाकडे. आणि चेंडू मागे गेला की प्रेक्षक पुन्हा ओरडतात.

(दृश्य : गोलच्या मागच्या उंच कॅमेऱ्यातून. एक खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या आड उभा.)

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ती टीव्हीवर सहसा दिसत नाही, कारण टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. गोलमागच्या या कॅमेऱ्यातून पाहा. हा खेळाडू दोन पावलं डावीकडे सरकला असता, तर त्याला पास मिळाला असता. तो सरकत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या सावलीत उभा राहतो. हात वर करून चेंडू मागितल्यासारखं करतो, पण अशा जागी की तिथे तो देताच येणार नाही. खेळाडूंच्या भाषेत याला लपणं म्हणतात.

लपणाऱ्याची हुर्यो कधीच उडत नाही. त्याचा पास चुकत नाही, कारण त्याच्याकडे पासच येत नाही. हुर्यो उडते ती दिवस वाईट असतानाही चेंडू मागत राहणाऱ्याची. मैदानातला सगळ्यात धीट माणूस हेरून त्यालाच शिक्षा करायची, असा हा प्रकार आहे. आणि ती शिक्षा उरलेले दहाजण ऐकत असतात.

(दृश्य : एमिरेट्स, ६ डिसेंबर २००८. इबुए मैदानात उतरतोय.)

याच मैदानावरचं अकरा वर्षांआधीचं चित्रण. विगनविरुद्धचा सामना. आर्सेनलचा इमॅन्युएल इबुए दुखापतीतून नुकताच परतलाय. समीर नासरीला दुखापत झाली म्हणून पूर्वार्धातच त्याला उतरवावं लागलं, तेही डाव्या बाजूला. मुळात हा उजव्या बाजूचा खेळाडू. पास चुकू लागले. पहिल्या चुकीला सुस्कारा, दुसरीला कुजबुज, मग उघड हुर्यो. आर्सेनल १-० ने पुढे होतं, हे लक्षात ठेवा. अखेरच्या मिनिटांत प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी बदली म्हणून आलेल्या या खेळाडूचीच बदली केली.

(मूळ आवाज. फलक वर जातो.)

तो बाहेर जातोय म्हणून झालेल्या जल्लोषाचा हा आवाज आहे.

(दृश्य : तिकीट खिडकी, फाटकावरची रांग, गळ्यात संघाचे मफलर.)

तिकिटाचे पैसे मोजले आहेत, मग बोलायचं नाही का, असं विचारलं जातं. बोलायचं की. मालक क्लब बुडवत असेल तर बोला. संघ नव्वद मिनिटं चालत खेळला तर शेवटच्या शिट्टीनंतर बोला. जो पळतच नाही त्याच्याबद्दल बोलायलाही माझी हरकत नाही. पण पळणं कमी पडणं वेगळं आणि जमणं कमी पडणं वेगळं. वरच्या रांगेत बसून यातला फरक ओळखता येतो, असं मात्र बऱ्याच प्रेक्षकांना उगाच वाटतं.

(दृश्य : डॉर्टमुंड. दक्षिणेकडची पिवळी भिंत. सामना संपलाय.)

संतापाचा एक वेगळा नमुना इथे आहे. ४ फेब्रुवारी २०१५. युर्गेन क्लॉप यांचा डॉर्टमुंड संघ आऊग्सबुर्गकडून घरच्या मैदानावर १-० ने हरला आणि जर्मन लीगमध्ये तळाला गेला. अठरापैकी अठरावा. प्रेक्षक खवळले. सुमारे पंचवीस हजार माणसं उभी राहतात ती ही बाजू. शिट्ट्या इथेही आहेत. पण सामना संपलाय, आणि रोख कुणा एकावर नाही, सगळ्या संघावर आहे.

आता हे दोघे पाहा. गोलरक्षक रोमन वायडेनफेलर आणि बचावपटू मॅट्स हुमेल्स. बोगद्यात जायचं सोडून ते प्रेक्षकांकडे गेले, कुंपणावर चढले आणि बोलू लागले. समोरची माणसं बोट नाचवून बोलतायत, हे ऐकतायत. कॅमेऱ्याला शब्द मिळालेले नाहीत, पण हातवारे पुरेसे आहेत.

यानंतरचे चारही लीग सामने डॉर्टमुंडने जिंकले. चौथा श्याल्केविरुद्ध, ३-० ने. कुंपणावरच्या बोलण्यामुळेच जिंकले असं मी म्हणणार नाही. मोसमाअखेर संघ सातवा आला.

(दृश्य : बार्सिलोना, कॅम्प नोऊ. १४ मार्च २०१८. चेल्सीविरुद्धचा सामना.)

बार्सिलोनाचा मध्यरक्षक आंद्रे गोमेस. २०१६ मध्ये व्हॅलेन्सियाहून आला. घरच्या प्रेक्षकांच्या शिट्ट्यांची त्याला सवय झाली होती, असं म्हणायची पद्धत आहे. सवय वगैरे काही झाली नव्हती. मार्च २०१८ मध्ये 'पानेन्का' या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत त्याने सांगितलं की मैदानावर असणं नरकासारखं झालंय आणि लाजेपोटी घराबाहेर पडावंसं वाटत नाही. ती मुलाखत ताजी असतानाच हा सामना आला. उत्तरार्धात बुस्केट्स जखमी झाला आणि बाकावरून गोमेसला उठावं लागलं.

(निवेदन नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवत उभे राहतात.)

तोच खेळाडू, तेच मैदान. त्याच्या खेळात आठवड्याभरात काहीच फरक पडला नव्हता. प्रेक्षकांना एक गोष्ट कळली होती, एवढंच. त्या मोसमानंतर तो एव्हर्टनला गेला.

(दृश्य : बोर्नमथ, ३० सप्टेंबर २०२३. ओडेगार्ड चेंडू हावर्ट्झच्या हातात देतोय.)

आर्सेनलमध्ये नुकत्याच आलेल्या काई हावर्ट्झच्या नावावर अजून एकही गोल नव्हता. पेनल्टी मिळाली. कर्णधार ओडेगार्डने चेंडू त्याच्या हातात दिला. गोल झाल्यावर सहकाऱ्यांचा हा गराडा पाहा आणि मागे पाहुण्यांच्या बाजूच्या प्रेक्षकांचं गाणं ऐका. झाकावर ओरडणाऱ्यांतलेही काही या गर्दीत असतील.

झाकाचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. हेर्था बर्लिनकडे जायचं जवळपास ठरलं होतं. नवे प्रशिक्षक मिकेल अर्टेटा यांनी त्याला थांबवलं. २८ मे २०२३ रोजी आर्सेनलसाठीच्या शेवटच्या सामन्यात त्याने दोन गोल केले आणि एमिरेट्सने त्याला उभं राहून निरोप दिला. पुढच्या मोसमात लेव्हरकुसेनबरोबर एकही सामना न हरता जर्मन लीग जिंकली. जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही त्याचाच.

(दृश्य : वेम्बली, २९ मार्च २०२२. मॅग्वायरचं नाव पुकारलं जातं.)

इंग्लंड विरुद्ध आयव्हरी कोस्ट. मैत्रीपूर्ण सामना. बचावपटू हॅरी मॅग्वायरचा मँचेस्टर युनायटेडमधला मोसम वाईट गेलाय, इंग्लंडसाठी मात्र तो चांगलाच खेळलाय. तरी चेंडूला पाय लागायच्या आधीच त्याच्या नावावर हुर्यो. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी सामन्यानंतर हे सगळं हास्यास्पद असल्याचं सुनावलं. इंग्लंड ३-० ने जिंकलं.

(दृश्य : मँचेस्टर, ओल्ड ट्रॅफर्ड, १७ एप्रिल २०२५. जादा वेळेची अखेर.)

तीन वर्षांनंतर. युरोपा लीगची उपांत्यपूर्व फेरी, ल्योंविरुद्ध. जादा वेळेत युनायटेड या सामन्यात ४-२ ने मागे. शेवटची सातच मिनिटं उरलेली. ब्रुनो फर्नांडिसची पेनल्टी, ४-३. कॉबी मेनूचा गोल, ४-४. युनायटेडने त्या बचावपटूला आता थेट पुढे, गोलसमोर पाठवलंय. एकशेविसाव्या मिनिटानंतरचा पहिला मिनिट. उजवीकडून चेंडू येतोय.

(मूळ आवाज पूर्ण. मॅग्वायरचं हेडर, गोल. निवेदन वीस सेकंद थांबवावं.)

५-४. फेरी दोन लढतींची, पहिल्या लढतीतले दोन-दोन गोल धरून ७-६. युनायटेड पुढे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलं आणि बिल्बाओत टॉटनहॅमकडून १-० ने हरलं. लीगमध्ये त्या मोसमात त्यांचा क्रमांक पंधरावा होता आणि ओल्ड ट्रॅफर्डवर हुर्यो त्यानंतरही ऐकू आली.

(श्रेयनामावली.)