फॉर्मवर नसलेला प्रश्न

१९८५ च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेत सॅन डिएगोला, कायझर परमनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी वजन कमी करायचं क्लिनिक चालवत होते. क्लिनिक जोरात, लोकांचं वजन धडाधड उतरतंय, आणि ज्यांचं सगळ्यात छान उतरतंय नेमके तेच मधेच सोडून जातायत. आपल्याकडे जिम सोडतात ते पोट तसंच असताना, इथे उलटाच प्रकार.

एक बाई १८५ किलोवरून वर्षभरात ६० वर आली. मग तीन आठवड्यांत जवळपास १७ किलो परत चढलं. डॉक्टरांना कळेना हे शक्य तरी कसं आहे. खोदून विचारल्यावर कळलं, कामावरचा एक विवाहित माणूस तिच्यामागे लागला होता, आणि लहानपणी तिच्या आजोबांनीच तिच्यावर अत्याचार केले होते.

मग फेलिट्टी एकेकाला बोलवून विचारायला लागले, जन्मताना वजन किती, शाळेत जायला लागलात तेव्हा किती, अशी सगळी माळ. एका बाईला विचारायचं होतं, पहिल्यांदा शरीरसंबंध आला तेव्हा वय किती होतं, आणि तोंडून निघालं, वजन किती होतं. ती म्हणाली, चाळीस पाउंड. म्हणजे १८ किलो, चार वर्षांचं पोर. आणि तो तिचा बाप होता.

२८६ जणांशी बोलून झालं, अर्ध्याहून जास्त लोकांनी लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. म्हणजे डॉक्टर ज्याला रोग म्हणत होते तो यातल्या कितीतरी जणांचा आडोसा होता, कुणी वळून बघू नये म्हणून अंगावर चढवलेला. तो काढून घेतला की माणूस घाबरणारच ना.

१९९० मध्ये फेलिट्टींनी हे अटलांटाच्या एका परिषदेत मांडलं, तर लोकांनी चक्क उडवून लावलं, पेशंट कारणं सांगतात म्हणे. पण तिथल्याच सीडीसी या सरकारी संस्थेला यात दम वाटला, आणि तिथल्याच डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत १९९५ ते ९७ मध्ये १७ हजारांहून जास्त लोकांचा सर्व्हे झाला. लहानपणी घरात मारहाण होती का, कुणी दारू पिणारं होतं का, कुणी तुरुंगात गेलं का, आईला मारलेलं बघितलं का. आणि हे सगळे कुठल्या गरीब वस्तीतले लोक नव्हते बरं का, बहुतेक गोरे, मध्यमवर्गीय, शिकलेले, नोकरी-इन्शुरन्सवाले.

तरीही दोन तृतीयांश लोकांकडे यातलं निदान एक तरी होतं. १९९८ च्या पहिल्या पेपरमध्ये दिसलं, यातलं काहीच न भोगलेल्यांपेक्षा चार किंवा जास्त गोष्टी भोगलेल्यांमध्ये हृदयविकार आणि स्ट्रोकचं प्रमाण दुपटीहून जास्त, फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं तर जवळपास चौपट.

आता कुणी म्हणेल, सिगरेट-दारूने झालं असेल. काही अंशी हो, पण तेवढ्यावर भागत नाही. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल सोडतं, बीपी वाढतं, रक्तात साखर वाढते, धोका टळला की सगळं खाली येतं. पण ज्या पोराला रोज संध्याकाळी दारात चप्पल वाजली की बाप कुठल्या मूडमध्ये आहे याचा अंदाज घ्यावा लागतो, त्याचं खाली यायचंच राहून जातं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ ला जन्मलेल्या हजारभर मुलांवर आजही अभ्यास चालू आहे, त्यात लहानपणी छळ झालेल्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षी सीआरपी जास्त सापडलं. सीआरपी म्हणजे शरीरात आतून सूज चालू असल्याची खूण, आणि ही सूज हृदयाला चांगली नाही.

यातल्या किती गोष्टी भोगल्या ते मोजून स्कोअर देणारे या सर्व्हेचे फॉर्म नेटवर फिरत असतात, ते भरून लगेच घाबरू नका. अँडा यांनीच २०२० मध्ये लिहिलं की हा आकडा लोकसंख्येसाठी आहे, एकेका माणसाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही.

फेलिट्टींनी पुढे हे प्रश्न क्लिनिकच्या नेहमीच्या फॉर्ममध्येच घातले. पेशंट आत आला की ते म्हणायचे, तुम्ही असं असं लिहिलंय, त्याचा पुढे तुमच्यावर काय परिणाम झाला ते सांगा, आणि मग ऐकत बसायचे. त्यांचं म्हणणं, पुढच्या वर्षभरात या पेशंटच्या डॉक्टरकडच्या चकरा ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. हा काही काटेकोर प्रयोग नव्हता, त्यामुळे या ३५ वर मी पैज लावणार नाही. पण विचारल्यावर बहुतेक लोक न चिडता, सरळ उत्तर देत होते.