आधी कोयंडा, मग कुलूप

(बडोद्यात दांडिया बाजारातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. माझं हार्डवेअरचं दुकान, म्हणजे हा गृहस्थ कुलपं खपवायला आलाय, असं कुणाला वाटत असेल तर निश्चिंत व्हा. दुकान आता मुलगा बघतो, आणि मी आज जे सांगणार आहे ते ऐकून तो घरी माझ्याशी बोलणार नाही.

गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "सगळ्यात भारी कुलूप दाखवा." मग सात लिव्हरचं की आठ लिव्हरचं, यावर दहा मिनिटं. मी विचारायचो, "कोयंडा कसला आहे?" की समोरचा गप्प. कोयंडा कधी कुणी बघितलेलाच नसतो. सुतारानं घर बांधताना ठोकला तो ठोकला.

लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातल्या पातळ पट्ट्या. किल्लीनं प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीला उचलली तरच खिट्टी सरकते. कमी उचलली तरी नाही, जास्त उचलली तरी नाही. ही दुहेरी अट इंग्लंडात रॉबर्ट बॅरननं १७७८ साली घातली. पट्ट्या जितक्या जास्त तितकी दुसरी किल्ली चालायची शक्यता कमी, हे खरं. पण पहार घेऊन आलेला माणूस पट्ट्या मोजत बसत नाही.

त्याच इंग्लंडातली एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते. जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिरानं एक कुलूप केलं आणि लंडनच्या दुकानाच्या खिडकीत ठेवलं. जो हत्यार करून हे उघडेल त्याला २०० गिनी! साठएक वर्षं ते कुणाला उघडलं नाही. १८५१ साली मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपवाला तिथे आला आणि त्यानं ते उघडलं. किती वेळ लागला? १६ दिवसांत मिळून ५१ तास! आता मला सांगा, आपल्या रावपुऱ्यात कुठला चोर ५१ तास उकिडवा बसणार आहे? तो कुलपाला हातसुद्धा लावत नाही. कोयंड्यात सळई घालतो आणि पिळतो. अर्ध्या इंचाचे चार स्क्रू लाकडातून दात पडावेत तसे बाहेर येतात, आणि तुमचं आठ लिव्हरचं कुलूप बंदच्या बंद, कोयंड्यासकट, पायरीवर पडलेलं सापडतं. असं पडलेलं कुलूप घेऊन लोक दुकानात यायचे आणि मलाच म्हणायचे, "बघा, तुमचं कुलूप!" अहो, ते तर अजून लागलेलंच आहे की!

गुजरातीत कोयंड्याला नकुचो म्हणतात. चोराच्या हत्याराला गणेशियो. बाप्पाला यात कशाला ओढलं, ते देव जाणे.

तर घरी गेल्यावर आधी अल्ड्रॉप, म्हणजे कुलूप अडकवायचा आडवा दांडा, आणि कोयंडा बघा. स्क्रू बाहेरून दिसतायत? स्क्रू-ड्रायव्हरनं निघतील असे आहेत? मग ते काढा आणि दाराच्या फळीतून आरपार जाणारे बोल्ट लावून घ्या, डोकं बाहेर गोल, नट आतून. चौकटीच्या बाजूला तीन इंची स्क्रू, म्हणजे ते चौकटीत खोलवर धरतील. बिजागऱ्याही बघा. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला येते. ती ठोकून काढली की कुलपाच्या उलट्या बाजूनं दार उघडलं. कुलूप घ्यायचंच असेल तर त्याच्या कडीत बोटभरही फट राहू नये असं घ्या. मोठी कडी दिसायला रुबाबदार, पण सळई घालायला तेवढीच सोयीची.

आपल्या जुन्या वाड्यांना हा त्रास नव्हता. सागवानी जाड फळ्या, आणि रात्री भिंतीतल्या खोबणीतून ओढलेला अडसर. आताच्या फ्लॅटचं दार तीस-पस्तीस मिलिमीटरचं. त्यात मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत बसणारं कुलूप, बसवायला सुतार मधोमध खाच पाडतो, म्हणजे कुलूप जिथे, तिथेच दार सगळ्यात पातळ. म्हणून पातळ दाराला मॉर्टिसपेक्षा आतून दारावर बसणारं, तीन खिट्ट्या सोडणारं रिम लॉक मला जास्त पटतं. मॉर्टिसच हवं असेल तर सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा भाग, दाराच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावू देऊ नका, चोर पकडीनं धरून मोडतात.

नाईट लॅचचं एक. दार ओढलं, खट्ट वाजलं, झालं, असं आपण समजतो. ती नुसती स्प्रिंगवरची जीभ असते, फटीतून पट्टी सारली की मागे जाते. बाहेर पडताना किल्ली फिरवून ती अडकवावी लागते. पण उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंगांपायी सगळं घर गच्चीवर आणि खाली दार सताड उघडं, तिथे लॅचचं काय बोलायचं!

बाहेर लटकणाऱ्या कुलपाचा एक दोष कुणी सांगत नाही: ते गावभर जाहीर करतं की घरात कोणी नाही. दिवाळीत आठ-दहा दिवस गावाला जाणार असाल तर लटकतं कुलूप टाळा, दारातच बसवलेलं वापरा, ते लागलंय की नाही हे रस्त्यावरून कळत नाही.

आता इथे बसलेल्यांतल्या निम्म्यांची मुलं परदेशात आहेत, घरात तुम्ही एकटे, म्हणून हे सांगणं भाग आहे. आतून किल्ली लावून झोपू नका. २६ जानेवारी २००१ ची सकाळ आठवते ना? आमच्या शेजारच्या काकू आतून कुलूप लावून किल्ली देवघरात ठेवायच्या. भूकंपाच्या हादऱ्यात देवघरातलं सगळं खाली आलं, आणि काकू दाराशी उभ्या राहून रडत होत्या. किल्ली सापडेपर्यंत धरणी थांबलीसुद्धा होती. त्यांचं नशीब! आतून नुसती कळ फिरवून उघडेल असंच कुलूप घ्या.

नवा फ्लॅट घेतला की पहिलं काम सिलिंडर बदलायचं. बांधकाम चालू असताना ती किल्ली रंगारी, फरशीवाला, प्लंबर, किती जणांच्या हातून फिरली असेल याचा हिशेब नाही. पूर्ण कुलूप बदलावं लागत नाही. दाराच्या कडेला पट्टीत एक लांब स्क्रू असतो, तो काढला की सिलिंडर हातात येतं. भाडेकरू बदलला की हेच करा. आणि त्यात तेल ओतू नका, धूळ चिकटून चिखल होतो. शिसपेन्सिलीची भुकटी घाला.

डिजिटल लॉकचं विचारताय? वाईट नाही, मोलकरणीला किल्ली द्यायला नको, हा फायदा मोठा. पण पावसाळ्यात दार फुगतं, खिट्टी घासते, मोटर ढकलत राहते आणि सेल संपतात. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी २०१९ ला आलं, २०२४ ला आलं, तळमजल्यावरच्या लोकांनी हे ध्यानात ठेवा. बाहेरून सेल लावून जागं करायची सोय आणि साधी किल्ली, दोन्ही असेल तरच घ्या. ती साधी किल्ली शेजारच्यांकडे ठेवा, घरातल्या कपाटात नको.

दुकानदार मंडळींसाठी थोडं. शटरला दोन्ही बाजूंना कुलूप लावलं तरी चोर ते मधून जॅकनं उचलतात, म्हणून मध्ये जमिनीशी तिसरं कुलूप हवंच. दुसरं, घरफोडीचा विमा. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात म्हटलं की पॉलिसीत बळजबरीनं शिरल्याची अट असेल, तर तशी बळजबरी झालेली असल्याशिवाय चोरीची भरपाई मिळत नाही. म्हणजे नोकराकडच्या दुसऱ्या किल्लीनं गोदाम अलगद उघडलं तर विमा कंपनी हात वर करू शकते. किती किल्ल्या आहेत आणि कुणाकडे, याची वही ठेवा, आणि पॉलिसीतलं ते कलम आज रात्री वाचा.

मागच्या टेबलावर मी चौकटीचे दोन तुकडे आणलेत. एकाला अर्ध्या इंची स्क्रूंचा कोयंडा आहे, एकाला आरपार बोल्टचा. शेजारी सळई ठेवलीय. चहा घेतल्यावर दोन्ही उपटून बघा. पहिला मात्र जपून, मागच्या वेळी एका आजींनी तो अशा जोरात ओढला की चहाचे कप गेले.