वाफ, डोंगर आणि दहिवडीचा पाऊस

[महाबळेश्वर. धुकं. कॅमेऱ्याची ओली काच.]

गाडीतल्या गारव्यातून कॅमेरा बाहेर काढला आणि काच धूसर झाली. पुसली, पुन्हा झाली. हा पाऊस नव्हे. हवेतली वाफ गार काचेला लागून तिचं पाणी झालं. हेच सांद्रीभवन. शाळेत हा शब्द आपण सगळ्यांनी पाठ केलाय. बोटानं पुसून पाहिलेला किती जणांना आठवतो?

पश्चिमेला सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर अरबी समुद्र. नैऋत्य मोसमी वारे तिथूनच वाफ घेऊन येतात. समुद्राच्या पाण्याचं बाष्पीभवन होताना मीठ मागे राहतं, म्हणून पाऊस गोडा. पण लाटांच्या तुषारांतून सुटलेले मिठाचे बारीक कण वाऱ्याबरोबर इथवर येतात, आणि अशाच कणांभोवती ढगातले थेंब धरतात.

[आंबेनळी घाट. ढग कडा चढताना.]

हे नीट पाहा. वारा सह्याद्रीला धडकलाय. पुढं वाट नाही, म्हणून तो वर चढतोय. वर दाब कमी, तिथं हवा पसरते. पसरली की थंड होते, आणि वाफेचा ढग होतो. डोंगरानं अडवून पाडलेला हा प्रतिरोध पर्जन्य. महाबळेश्वरला तो वर्षाला सुमारे 6,000 मिलिमीटर पडतो.

[भातलावण. इरली. पाठोपाठ पसरणी घाट, वाई, माणचं माळरान.]

घाट उतरताना हवाही आपल्यासोबत खाली येते. दाबली जाते, तापते, ढग विरतात. माण तालुक्यातल्या दहिवडीला पोचेस्तोवर वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास. जिल्हा एकच, सातारा. ही पर्जन्यछाया.

आपण सर्रास म्हणतो, ‘आज वातावरण खराब आहे.’ वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं हवेचं आवरण. आज दिसते ती हवा. साधारण 30 वर्षांच्या नोंदींतून कळतं ते हवामान. एक पावसाळा कोरडा गेला म्हणून हवामान बदललं असं होत नाही. त्यासाठी नोंदी लागतात, आणि त्या गावोगावी हव्यात.

हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणून पाऊस पडला की जोरात पडू शकतो. कोरड आणि पूर एकाच वर्षात कसे येतात तेही पाहिलंय: 2019 च्या उन्हाळ्यात माणमध्ये चारा छावण्या होत्या; त्याच ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली.

[माणमधली शाळा. पटांगण.]

हा पर्जन्यमापक पोरांनी केलाय. बाटली कापली, वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवला. तळ सपाट नव्हता, म्हणून खडे घातले, वर पाणी ओतून शून्याची रेघ मारली आणि बाजूला पट्टी चिकटवली. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, म्हणून ही मुलगी चिखलात गुडघे टेकून बसलीय.

काल रात्री 4 मिलिमीटर.

एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तिच्या घरचा गोठा 20 चौरस मीटरचा. बोटांवर मोजून ती सांगते: पत्र्यावर 80 लिटर पडलं. आमच्या म्हशीला आजच्या दिवसाला पुरलं असतं.