से कॅथेड्रल आणि फेस्ताची फेरी

पणजीहून मांडवीच्या काठाने पूर्वेला निघाले की सुमारे दहा किलोमीटरवर जुने गोवे लागते. इथे शक्यतो फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या, दिवसांत यावे. संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त ३ डिसेंबरला असते आणि त्याआधी नऊ दिवस चालणाऱ्या नोव्हेनापासूनच, म्हणजे प्रार्थनांपासूनच, परिसरात दुकाने मांडली जातात.

पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द अल्बुकर्कने हे शहर विजापूरच्या आदिलशाहीकडून जिंकले ते १५१० साली, २५ नोव्हेंबरला. तो संत कॅथरीनचा सण असल्याने से कॅथेड्रल, म्हणजे इथले बिशपचे मुख्य चर्च, तिला अर्पण केलेले आहे. आज दिसणाऱ्या इमारतीचे काम १५६२ मध्ये सुरू झाले आणि मुख्य भाग पुरा व्हायला १६१९ साल उजाडले. भिंती जांभ्या दगडाच्या असून त्यांवर चुन्याचा गिलावा आहे. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभारलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून ओळखली जाणारी प्रचंड घंटा आहे.

एवढे भव्य चर्च इथे उभे राहिले ते व्यापाराच्या पैशावर. रुआ दिरैता या हमरस्त्यावर सकाळच्या वेळी लिलाव चालत आणि तिथे अरबी घोडे, मसाले, रेशीम यांबरोबर गुलाम म्हणून माणसेही विकली जात. कॅथेड्रलच्या सोनेरी वेदीसमोर उभे असताना ही गोष्ट डोळ्यांआड करणे मला योग्य वाटत नाही. पुढे साथींनी शहर ओस पाडले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला मिळाला.

तो बाजार गेला, पण फेस्ताची फेरी, म्हणजे जत्रा, दरवर्षी भरते. मेणबत्त्यांच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळे मांडलेली असतात. ज्याचा गुडघा दुखतो तो पाय घेतो, ज्याला मूल हवे तो बाळ घेतो आणि नवस म्हणून अर्पण करतो. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, त्याच श्रद्धेची ही रीत आहे, आणि नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदूही असतात. पलीकडे खाज्याचे ढीग असतात: बेसनाच्या तळलेल्या कांड्या, त्यांवर गुळाचा पाक आणि आल्याचा झणझणीत वास. शेजारी भाजलेले चणे. फेस्ताला येऊ न शकलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी खाजे घेऊन जाण्याची इथे जुनी पद्धत आहे, त्यामुळे परतणाऱ्यांच्या हातात पुडे दिसतातच.